निळ्या रेकॉर्डची सात मिनिटं

गुणाजी परबला कोणी विचारलं ना, बाबा रे तुझ्या घरात सोनंनाणं काय आहे, तर तो खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढायचा. आणि ट्रंकेत काय? रेकॉर्डी! मोजून तेरा, सगळ्या जर्मन, प्रत्येकीला प्लॅस्टिकची पिशवी, वर जुन्या धोतराचं फडकं, आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. त्याशिवाय दोन पोस्टरं, एक बिल्ला, आणि एक जर्मन मासिक. त्यातलं एक अक्षर गुणाजीला कळत नव्हतं, पण प्रत्येक फोटो पाठ होता. अमक्या फोटोत कुठल्या मशीनला किती बटणं आहेत, हे झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

मुलुंडला, स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर, कोकणातल्या लोकांची ती बैठी चाळ. गुणाजी तिथेच एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइली भरायचा. वय बावीस. बाकीची पोरं फिल्मी गाण्यांवर जीव टाकायची, आणि ह्याला वेड काय, तर क्राफ्टवर्क, टँजरीन ड्रीम, आणि जर्मनीचेच आणखी कुठले कुठले बँड, ज्यांची नावं घेताना जिभेला गाठ बसते. आणि ते म्युझिक म्हणजे कसं, की त्यात गाणारा नाही, तबला नाही, पेटी नाही. नुसती मशीनं. एकच सूर सुरू होतो, तो हळूच वळतो, त्याच्या पोटातून दुसरा निघतो, आणि पाच मिनिटांनी तुम्हाला कळतं की अरे, आपण मघाच्या जागी नाहीच, भलतीकडेच येऊन पोचलोय. गुणाजीला तरी तसं व्हायचं. त्याच्या आईला नाही. ती तांदूळ निवडता निवडता दहा मिनिटं शांतपणे ऐकायची आणि मग विचारायची, "झिला, ह्या गाणा सुरू कधी होतला?"

"आई, सुरूच आहे गं."

"आसां? माका वाटला, मशीन गरम करतत."

चाळीत तर विचारूच नका. हा दिसला की पोरं तोंडाने ढूँऽऽ करायची. गुणाजी हसायचा. पण आतून त्याला एकच गोष्ट हवी होती हो. कोणीतरी, एखाद्याने तरी, थांबून विचारावं, की गुण्या, हे काय आहे रे? आणि खरंच ऐकावं. बस. बाकी काही नको.

तसा विचारणारा एक भेटला होता म्हणा. अनंत. अंधेरीचा. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात एकाच कव्हरचं एक टोक ह्याने धरलं आणि दुसरं त्याने. लाल शर्ट घातलेली चार माणसं त्या कव्हरवर. दोघंही सोडेनात. शेवटी फुटपाथवाला म्हणाला, "अरे, फाडोगे क्या? आधा आधा ले लो." आणि यांनी तेच केलं की! अर्धे पैसे ह्याचे, अर्धे त्याचे. तिथून पुढे प्रत्येक रेकॉर्ड दोघांची. प्लेअर अनंतकडे, चांगला, जपून वापरलेला. पण अंधेरीचं त्याचं घर पावसाळ्यात गळायचं, म्हणून चार महिने सगळा साठा मुलुंडला, गुणाजीच्या ट्रंकेत. आणि एक नियम. अनंतचाच नियम. मूळ रेकॉर्ड महिन्यातून एकदाच लावायची, पहिल्या रविवारी, खिडक्या बंद करून. एरवी कॅसेटवर उतरवलेलं ऐकायचं.

"सुई म्हणजे नांगर असतो गुण्या," अनंत म्हणायचा. "प्रत्येक फेरीला थोडी माती उडतेच. आपल्याला म्हातारपणापर्यंत पुरवायचंय हे."

आता माल यायचा कुठून? फुटपाथवर किती मिळणार? तर गुणाजीचा मामा होता बोटीवर खलाशी. हॅम्बुर्गला बोट लागायची. सगळे मामाकडे सेंट मागायचे, साड्या मागायचे, आणि हा भाचा चिठ्ठी द्यायचा. मामाला इंग्रजीसुद्धा वाचता येत नव्हतं, जर्मन कुठलं! तो दुकानात जाऊन नुसती चिठ्ठी पुढे करायचा. एकदा मिलिटरी बँडची रेकॉर्ड घेऊन आला. एकदा लहान मुलांच्या गोष्टींची. पण त्र्याऐंशीच्या दिवाळीत त्याने आणली ती निळी.

नुसतं निळं कव्हर. वर एक अक्षर नाही, नाव काय ते आतल्या गोल लेबलावर. आत एका बाजूला एकच तुकडा, बावीस मिनिटांचा. मामा म्हणाला, "दुकानदारान माका विचारल्यान, तू ऐकतंस ह्या? मी म्हटलंय, मी नाय रे बाबा, माझो भाचो ऐकता. तो इतको खूश झालो, माका कॉफी पाजल्यान."

पहिल्या रविवारी अंधेरीला ती लावली आणि बावीस मिनिटं दोघंही हलले नाहीत. संपल्यावर अनंतने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाला, "गुण्या, बाकीच्या बारा एकीकडे."

आणि दोन महिन्यांनी मामाची बोट दारूखान्यात, जुनी जहाजं मोडतात तिथे, तोडायला गेली. मामा गावी जाऊन बसला, कलमं लावायला. म्हणजे आता हॅम्बुर्ग बंद. निळी आता एकच. फुटपाथवर असली गोष्ट जन्मात येत नाही.

आता चौऱ्याऐंशीचा गणपती. त्या एप्रिलात आपला माणूस रशियाच्या यानातून अंतराळात जाऊन आला होता, आणि मुंबईतल्या प्रत्येक दुसऱ्या मंडळाला देखाव्यात रॉकेट पाहिजे होतं. गुणाजीच्या चाळीच्या मंडळालाही. कार्याध्यक्ष कोण, तर बाळा, ह्याच्याच वर्गातला. रॉकेट थर्माकोलचं, ते वर ओढायला गियरची मोटार. ती गुणाजीनेच कारखान्याच्या भंगारातून आणून, कॉइल भरून दिलेली. वर तरंगणारा अंतराळवीर, मागे फिरते ग्रह. सात मिनिटांचा शो, पडदा पडायचा, रांग पुढे सरकायची, परत पडदा उघडायचा. संध्याकाळी सात ते दहा. बाराएक शो. पण आवाज काय लावायचा?

मीटिंगला बाळा म्हणाला, "शहनाई लावू."

"अंतराळात शहनाई? लग्न आहे काय तिथे?" कोणीतरी म्हणालं, सगळे हसले. आणि मग, विश्वास ठेवा, बाळा वळला आणि म्हणाला, "ए गुण्या! तुझं ते ढूँऽऽ आण ना यार. ते अंतराळातलंच वाटतं."

गुणाजीच्या कानात वारा शिरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मंडळाला त्याच्या म्युझिकची गरज लागली होती. रोज हजार माणसं रांगेत उभी राहणार, सात मिनिटं हलता येणार नाही, ऐकावंच लागणार! त्याने निळीची कॅसेट दिली. मूळ नाही हां, कॅसेटच. नियम नियम असतो.

पहिल्या दिवशी झकास चाललं. दुसऱ्या दिवशी साऊंडवाल्या धोंडिरामच्या डेकने टेप खाल्ली. खाल्ली म्हणजे कशी, शेवयांसारखी बाहेर आली सगळी. धोंडिराम पन्नाशीचा, गळ्यात पाना, कानावर पेन्सिल. त्याने डेक उघडून बघितला आणि म्हणाला, "रोलरच गेला ह्याचा. आता कुठली पण कॅसेट टाक, खाणारच. माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचा चेंजर आहे, तो लावतो. आहे काय रेकॉर्ड?"

"फिल्मी आहेत माझ्याकडे," बाळा म्हणाला. "चल, लाव काहीतरी, लोक खोळंबलेत."

"थांब!" गुणाजी म्हणाला.

बघा हं, तो तिथेच थांबला असता तर काही झालं नसतं. एक फिल्मी गाणं वाजलं असतं, अंतराळवीर त्यावर डोलला असता, लोक घरी गेले असते. पण ट्रंक दोनशे पावलांवर होती. अनंत अंधेरीला. ना त्याच्या घरी फोन, ना ह्याच्या. गुणाजी पळत गेला. ट्रंक उघडताना आईने विचारलं, "कित्या रे धावतंस?" तो फडक्यासकट निळी छातीशी धरून परत पळत आला. मनात म्हणत होता, आजच्या दिवस. फक्त आजच्या दिवस.

चेंजर ठेवला होता स्टेजच्या फळ्यांवर. बाहेर रांगेचा धक्का लागला की फळ्या हलायच्या, फळ्या हलल्या की सुई उडायची. पहिल्याच शोला तीनदा उडाली. रॉकेट अर्ध्यात आणि म्युझिक परत पहिल्यापासून! बाळा पडद्यामागे येऊन ओरडला, "वाट लावताय काय रे शोची?"

धोंडिरामने शांतपणे खिशातून चार आण्यांचं नाणं काढलं, सुईच्या दांड्यावर ठेवलं. "चिकटपट्टी दे."

"काय करताय धोंडिरामभाऊ?"

"वजन. आता बापजन्मात उडणार नाही. सगळ्या लग्नांत असंच करतो मी."

"अहो पण रेकॉर्ड घासून जाईल ना! खड्डा पडेल!"

"मग उडू देऊ?" धोंडिराम म्हणाला. रागाने नाही हो, अगदी सरळ. "तू सांग. तुझी रेकॉर्ड आहे."

तुझी रेकॉर्ड. अर्धी, खरं तर. बाहेर दोनशे माणसं उभी होती. गुणाजीने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि नाण्यावर स्वतःच्या अंगठ्याने दाबला.

आणि वाजली! आईशप्पथ, काय वाजली! चार भोंगे, सगळी चाळ, समोरचा रस्ता, रॉकेलच्या दुकानापर्यंत ती निळी पसरली. गुणाजीच्या हातावर काटा आला. आणि शो संपता संपता पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला, "अगो, हे काय वाजतंय? छान आहे ना?" तो धडपडत पडद्याच्या कडेला गेला, फट केली, पण स्वयंसेवकांनी "चला, चला, पुढे चला" करून रांग हलवली होती. कोणती बाई, कळलंच नाही. हिरवं पातळ दिसल्यासारखं वाटलं. तेवढंच.

तेवढ्यावर तो सहा दिवस जगला. रोज म्हणायचा, आजच्या दिवस. रोज बारा शो, रोज सुई पहिल्या खाचेवर, तीच सात मिनिटं, नाण्याच्या वजनाखाली. त्याने दारात पाटी लावायचं ठरवलं, म्हणजे लोकांना कळेल तरी. पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात बँडचं नाव लिहून बाळाला दिलं. बाळाने वाचायचा प्रयत्न केला, दोनदा अडखळला, म्हणाला, "यार, हे कोण वाचणार? आणि देणगीदारांच्या पाट्यांनाच जागा नाही." शेवटी पाटी लागली ती 'ध्वनी व प्रकाश: धोंडिराम'.

पाचव्या दिवशी रात्री घरी नेऊन त्याने बल्बखाली रेकॉर्ड तिरकी धरली. पहिला बोटभर पट्टा राखाडी झाला होता. बाकीची काळी, चकचकीत, आरशासारखी. आणि हा पट्टा पाटीवर खडू पुसल्यासारखा. सहाव्या दिवशी भोंग्यांतून सुरांबरोबर चर्र चर्र यायला लागलं. सातव्या दिवशी चर्र चर्र जास्त आणि सूर कमी. त्याला वाटलं, आता कोणीतरी येऊन विचारेल, आज आवाज असा का येतोय? कोणी नाही विचारलं. धोंडिरामसुद्धा भोंग्याखाली बसून वडापाव खात होता, म्हणाला, "आज जरा पाऊस पडल्यासारखं लागतंय. चांगलंय."

मग आठव्या दिवशीच का नाही थांबवली त्याने? मीही हेच म्हटलं असतं. पण बघा, गेलेली तर गेलीच होती. आता थांबवून काय परत येणार होती? आणि नवव्या दिवशी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, तिघं. त्यातले एक म्हणे संगीतातले जाणकार. गुणाजीने मनाशी ठरवलं, ते विचारतील. ते नक्की विचारतील. मग मी सांगेन सगळं, हॅम्बुर्गपासून. एवढं झालं की मग अनंतच्या पाया पडेन.

नवव्या दिवशी परीक्षक आले आणि त्यांच्या मागे रांगेत, छत्री काखेत मारून, अनंतही आला. त्याला काही माहीत नव्हतं हो. बिचारा देखावा बघायला आला होता, गुण्याने मोटार भरलीय म्हणून. फटीतून गुणाजीने त्याला बघितलं आणि पटकन फट बंद केली. बाळा कुजबुजला, "उघड पडदा, उघड!" गुणाजीने सुई ठेवली.

आवाज नाही.

रेकॉर्ड फिरतेय, सुई खाचेत, दिवा चालू, आणि भोंग्यांतून एक टिपूस नाही. धोंडिराम चहाला गेलेला. पडदा उघडलाही, ग्रह फिरायला लागले, रॉकेटची मोटार सुरू झाली. गुणाजी अंधारात वायर चाचपतोय, हा प्लग, तो प्लग, हाताला झटका बसला, तरी सापडेना. आणि सगळ्या मांडवात एकच आवाज. मोटारीचा. तिचं बेअरिंग झिजलं होतं आणि खालच्या पोकळ फळ्या घुमत होत्या. घूंऽऽऽ. रॉकेट वर जाताना जरा चढा, थांबलं की उतरता. सात मिनिटं. गुणाजी पडद्यामागे उकिडवा बसून राहिला, तुटलेली वायर हातात. ती शेवटी सापडली होती, पण पडदा पडायच्या वेळी.

आणि टाळ्या! रोजच्यापेक्षा जास्तच, खोटं नाही सांगत.

बाळा धावत आत आला, त्याला मिठीच मारली. "गुण्या, फाडलंस रे! बाहेर ये, बोलावतायत!"

बाहेर ते जाणकार परीक्षक उभे होते, खादीचा झब्बा, हातात फॉर्म. "हे संगीत तुम्ही निवडलंत? वा! किती संयम आहे हो त्यात. एकच स्वर, पण काय भारलेला! कुठलं आहे हे?"

हाच प्रश्न. अगदी हाच! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तो समोर उभा राहून, पेन उघडून विचारत होता. गुणाजीने तोंड उघडलं. परीक्षकांच्या खांद्यावरून त्याला अनंत दिसला. अनंत हसत नव्हता, रागावला नव्हता. डोकं जरा तिरकं करून, रविवारी ऐकायचा तसाच, अजून स्टेजखालच्या मोटारीकडे कान लावून उभा होता.

"जर्मन आहे साहेब!" बाळाने ठोकून दिलं. "ओरिजनल! ह्याचा मामा बोटीवर होता."

"तरीच," परीक्षक म्हणाले, आणि लिहिलं.

ते गेल्यावर अनंत पडद्यामागे आला. चेंजर बघितला. नाणं बघितलं. रेकॉर्ड उचलली, कडांनी, दोन तळहातांत, आणि ट्यूबलाइटखाली धरली. बराच वेळ धरली. गुणाजी भडाभडा बोलत सुटला, "डेक खराब झाला रे, मी एकच दिवस म्हणून, आणि लोकांना, अरे एक बाई म्हणाली छान आहे, खरंच म्हणाली..."

"कोण बाई?"

"दिसली नाही."

अनंतने मान हलवली. "तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"माहीत आहे." त्याने रेकॉर्ड कव्हरात घातली आणि गुणाजीच्या हातात दिली. "ही तुझी. पूर्ण तुझी. उरलेल्यांची वाटणी करून टाकू या, रविवारी येतो. सहा तुझ्या, सहा माझ्या. माझ्या मी घेऊन जाईन."

"तुझं घर गळतं ना रे."

"गळू दे," अनंत म्हणाला, आणि छत्री घेऊन निघाला. भावाभावांची भांडणं होतात ना, तेव्हा निदान आरडाओरडा तरी होतो. इथे तेवढंही नाही. मांडवाच्या तोंडाशी स्वयंसेवकाने त्याच्या हातात प्रसाद ठेवला, तो त्याने कपाळाला लावला आणि गर्दीत मिसळला.

तेवढ्यात धोंडिराम चहा पिऊन आला. तुटलेली वायर बघून त्याने जीभ चावली. "अरे देवा! मग मघाशी काय वाजत होतं?"

"मोटार," गुणाजी म्हणाला.

बाळाने ते ऐकलं. आणि मग असा हसला, असा हसला, की डोळ्यांत पाणी आलं. "काय सांगतोस! मोटार? मग उद्या पण मोटारच ठेव ना यार! कटकटच नाही!" आणि टिंगल नव्हती हो ती. त्याला खरंच सोयीचं वाटलं.

बाहेर पुढची रांग भरली होती. स्वयंसेवक ओरडत होते, पोरं पुढे घुसत होती. धोंडिरामने पक्कड काढली, वायरीचं टोक सोललं, पिळलं, आणि गुणाजीकडे बघितलं.

"जोडू?"

गुणाजीने कव्हरावरून एकदा हात फिरवला. पडद्याची दोरी बाळाच्या हातात होती, तो खुणेची वाट बघत होता. बाहेर एक लहान पोर आईला विचारत होतं, कधी उडणार गं?

"राहू द्या, भाऊ," गुणाजी म्हणाला, आणि वाकून मोटारीचं बटण दाबलं.